थेट प्रक्षेपण

1 फेब्रुवारी 2003 हा शनिवार होता आणि त्या दिवशी पौष अमावास्या होती. शनिवारची शाळा सकाळची असल्यामुळे मुले दुपारच्या आत घरी गेली, आणि आमच्या हायस्कूलच्या व्हरांड्यातील फळ्यावर त्या सकाळी मी खडूने लिहिलेले वाक्य सोमवारपर्यंत तसेच राहिले. ते वाक्य असे होते : ‘आज सायंकाळी 7 वाजून 46 मिनिटांनी कोलंबिया जमिनीवर उतरेल.’

मी तेव्हा बेळगावात वडगावच्या बाजूला एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. वडगाव, खासबाग, शहापूर हा सगळा विणकरांचा भाग आहे. आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरात यंत्रमाग होते, आणि पुष्कळांच्या घरी आई एका भाषेत हाक मारी तर आजी दुसऱ्या. त्यामुळे 16 जानेवारीला कोलंबियाचे उड्डाण झाल्यावर ‘स्पेस शटल’ म्हणजे काय, हे समजावून सांगण्यासाठी मला पुस्तक उघडावे लागले नाही. पाठ्यपुस्तकातील ‘अंतराळयान’ हा शब्द चांगला आहे, पण त्यातून जाणे कळते, परत येणे कळत नाही. शटल म्हणजे मुळात मागावरचा धोटा. इकडून तिकडे जातो, तिकडून परत येतो आणि पुन्हा जायला तयार असतो. एवढे सांगितल्यावर वर्गातील विणकरांच्या मुलांनी एकमेकांकडे असे पाहिले की जणू अमेरिकेने त्यांच्या घरातली वस्तू न विचारता उचलून नेली होती.

कोलंबिया हा त्या धोट्यांतला सगळ्यांत जुना. 12 एप्रिल 1981 रोजी तो पहिल्यांदा अवकाशात गेला होता, आणि ही त्याची 28वी फेरी होती. आम्हाला अर्थातच फेरीच्या क्रमांकापेक्षा कल्पना चावलाचे महत्त्व अधिक होते. हरियाणातील कर्नालची ही मुलगी चंडीगडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विमानविद्या शिकून 1982 मध्ये अमेरिकेला गेली आणि 1997 मध्ये याच कोलंबियातून पहिल्यांदा अवकाशात जाऊन आली. ती अमेरिकेची नागरिक झालेली असल्यामुळे तिला ‘आपली’ म्हणावे की नाही, यावर आमच्या स्टाफरूममध्ये दोन दिवस वाद झाला. ज्या भागात ‘हे गाव नक्की कुणाचे’ हा प्रश्न 1956 पासून प्रत्येक घराच्या ओसरीवर बसून आहे, तिथल्या शिक्षकांनी दुसऱ्याच्या नागरिकत्वावर इतक्या ठामपणे बोलावे याची मला त्याही वेळी गंमत वाटली होती.

17 जानेवारीपासून मी रोज प्रार्थनेआधी व्हरांड्यातील फळ्यावर दोन-तीन ओळी लिहू लागले. ‘दिवस 2’, ‘दिवस 3’, आणि पुढे वर्तमानपत्रातून मिळेल तेवढी माहिती. यानातील सात जण दोन पाळ्यांत चोवीस तास काम करत होते, हे वाचून मुलांना यंत्रमागाच्या पाळ्या आठवल्या. निरनिराळ्या देशांतील शाळकरी मुलांनी आखून दिलेले प्रयोग यानात होते. मुंग्या, कोळी आणि चीनच्या विद्यार्थ्यांनी दिलेले रेशमाचे किडेही त्यात होते. नववीतील एका मुलीला या किड्यांचा ध्यासच लागला. तिच्या घरी रेशमी काठाची लुगडी विणली जात असत, पण जिवंत किडा तिने कधी पाहिला नव्हता. वर आणि खाली हे दोन्ही नसलेल्या जागी तो कोश विणताना डोके कुठल्या बाजूला ठेवील, असे तिने मला विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही. पुढे एका कोशातून पतंग बाहेर पडल्याचे वाचायला मिळाले, तेव्हा मी ते फळ्यावर तिच्यासाठीच लिहिले. 28 जानेवारीला चॅलेंजर या दुसऱ्या शटलच्या अपघाताला सतरा वर्षे झाली, आणि त्या दिवशी कोलंबियातील सातही जणांनी आपल्या आधी गेलेल्यांचे स्मरण केले. तेही मी लिहिले. मात्र प्रत्येक दिवसाच्या शेवटी मी एक ओळ ठरल्याप्रमाणे घालत होते : ‘सर्व सुरळीत.’ ही ओळ कुठल्याही वर्तमानपत्रातून घेतलेली नव्हती, माझीच होती.

आमच्या घरी त्याच आठवड्यात नवा रंगीत टीव्ही आला होता. तो कल्पना चावलासाठी नव्हे, तर 9 फेब्रुवारीला दक्षिण आफ्रिकेत सुरू होणाऱ्या विश्वचषकासाठी आमच्या यजमानांनी घेतला होता. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी वर्गातील आठ-नऊ मुले आणि शेजारच्या अक्का आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसल्या. अक्कांचे घर कन्नड, आमचे मराठी, आणि भिंत सामाईक असल्यामुळे त्यांच्या मागाचा आवाज आमच्या घड्याळासारखा होता. सासूबाई शनीच्या देवळात तेल वाहून आल्या होत्या आणि अमावास्येच्या दिवशी ही माणसे खाली का उतरत आहेत, असे त्यांनी मला दोनदा विचारले. अमावास्या दुपारीच संपली, असे मी सांगितले, पण त्यांचे समाधान झाले नाही.

पावणेसातला आम्ही देवापाशी दिवा लावला. त्याच वेळी कोलंबिया हिंदी महासागरावर सुमारे 282 किलोमीटर उंचीवर उलटा होऊन, शेपूट पुढे करून, वेग कमी करण्यासाठी इंजिने पेटवत होता, हे मला पुष्कळ नंतर कळले. म्हणजे परतीचा निर्णय जिथे पक्का झाला, जिथून मागे फिरणे शक्य नव्हते, ती जागा आमच्याच समुद्रावर होती. आम्हाला त्या वेळी चिंता होती ती विजेची. नेमकी साडेसातला वीज जाणार, अशी सगळ्यांची खात्री होती, आणि खबरदारी म्हणून मी कंदील पुसून ठेवला होता. त्या संध्याकाळी वीज एकदाही गेली नाही.

आता मी मुद्द्याच्या गोष्टीवर येते. ‘मी ती दुर्घटना टीव्हीवर थेट पाहिली,’ असे मी गेली वीस वर्षे लोकांना सांगत आले आहे, आणि माझे अनेक विद्यार्थीही तसेच सांगतात. परंतु आम्ही नक्की काय पाहिले, हे कागदावर मांडायला बसले की हातात फार थोडे येते.

एका हिंदी वृत्तवाहिनीवर अमेरिकेतून येणारी चित्रे चालू होती. कधी ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातील माणसे आपापल्या पडद्यांसमोर बसलेली दिसत, कधी जगाचा नकाशा आणि त्यावर यानाच्या मार्गाची रेघ दिसे, तर कधी फ्लोरिडातील रिकामी धावपट्टी. तिथे सकाळ होती. यान कुठेही दिसत नव्हते, आणि दिसण्याची वेळही झालेली नव्हती. मुले चुरमुऱ्यांचा चिवडा खात होती. मी त्यांना सांगत होते की यान आता वातावरणात शिरले असेल, ताशी पंचवीस हजार किलोमीटरहून अधिक वेगाने येत असेल आणि हवेशी घर्षण होऊन त्याच्या पंखांच्या कडा सोळाशे अंशांच्या आसपास तापल्या असतील. (हे घर्षणाचे स्पष्टीकरण मी कित्येक वर्षे शिकवले आणि ते पुरते बरोबर नाही. इतक्या वेगात यानासमोरच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही, ती दाबली जाते आणि त्या दाबामुळेच मुख्यतः तापते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून हवा भरली की पंप गरम होतो, तोच प्रकार. ज्यांना मी चुकीचे शिकवले, त्यांपैकी कुणी हे वाचत असल्यास दुरुस्ती करून घ्यावी.)

आपल्या घड्याळात 7 वाजून 23 मिनिटे झाली, तेव्हा यानाने कॅलिफोर्नियाचा किनारा ओलांडला होता. डाव्या पंखातील तापमापक एकेक करून मुके होऊ लागले होते. त्यानंतर डाव्या बाजूच्या टायरच्या दाबाचे आकडे गेले. 7 वाजून 29 मिनिटांनी ह्यूस्टनहून टायरच्या दाबाविषयी काही सांगितले गेले, त्यावर कमांडर रिक हजबंड यांनी ‘रॉजर’ म्हणून पुढचा शब्द उच्चारायला सुरुवात केली, आणि तो शब्द अर्ध्यावर राहिला. हे सगळे मी पुढे वाचून जुळवले आहे. त्या क्षणी आमच्या खोलीत याची काहीही खूण नव्हती. पडद्यावर तीच माणसे तशीच बसलेली होती. काही वेळाने, संपर्क लागतो का हे पाहणारा एकच आवाज ठरावीक अंतराने येऊ लागला : ‘कोलंबिया, ह्यूस्टन, कॉम चेक.’ मग थोडी शांतता, आणि पुन्हा तेच.

तो आवाज मला अजून ऐकू येतो, आणि त्यात घाबरल्याची छटा अजिबात नव्हती हे आठवून मला अजून नवल वाटते. वर्गात हजेरी घेताना एखादे मूल ‘हजर’ म्हणाले नाही तर आपण मान वर न करता त्याचे नाव पुन्हा उच्चारतो, तितकाच तो साधा होता.

वृत्तनिवेदक ‘संपर्क तुटला’ असे म्हणू लागला. हे दोन शब्द आमच्या कुणाच्याही मनात भीती उत्पन्न करू शकले नाहीत, कारण आमच्याकडे संपर्क रोजच तुटत होता. पावसात टेलिफोन मुका होई, वाऱ्यात केबल जाई, आणि दोन्ही आपोआप परत येत. संपर्क तुटणे म्हणजे तारेला काहीतरी होणे. माणसांना काही होणे, असा त्याचा अर्थ आम्हाला ठाऊकच नव्हता. नववीतला एक मुलगा पडद्याच्या अगदी जवळ जाऊन म्हणाला, “बाई, काहीच दिसंना की.” दुर्घटनेचे याहून अचूक वर्णन मी त्यानंतर कुठेही वाचलेले नाही.

धावपट्टीशेजारी मोठे उलटे घड्याळ होते. उतरायला किती वेळ उरला, ते त्यावर दिसत असे, आणि त्याच्या समोरच यानातील सात जणांची कुटुंबे वाट पाहत उभी होती. ते घड्याळ शांतपणे खाली येत राहिले. रेशमाच्या किड्यांवाली मुलगी त्याच्याकडे टक लावून पाहत होती. मग ती मला हळूच म्हणाली, “बाई, धोटा पेटीत पोचला नाही तर माग आपोआप बंद पडतो. हे घड्याळ का बंद पडत नाही?” ती म्हणत होती ते खरे आहे. धोटा ठरल्या वेळी पलीकडच्या पेटीत शिरला नाही, तर यंत्रमाग स्वतःच थांबतो, नाहीतर मधोमध अडकलेल्या धोट्यावर फणी आदळून सगळा ताणा तुटेल. विणकराच्या मुलीला ती व्यवस्था सर्वत्र असेल असे वाटत होते. 7 वाजून 46 मिनिटांनी घड्याळात शून्य आले, आणि ते तिथेही थांबले नाही.

दुर्घटना खरोखर ‘दिसली’ ती त्या सुमारास, टेक्ससमधील डॅलसहून आलेल्या चित्रफितीत. निळ्या सकाळच्या आकाशातून एक पांढरी रेघ जात होती, तिच्या दोन झाल्या, मग पाच-सहा, आणि त्या सगळ्या एकाच दिशेने, एकाच वेगाने, जणू ठरवून चालल्या होत्या. माझ्या जावेचा धाकटा मुलगा टाळ्या वाजवून “बाण, बाण” असे ओरडला, कारण दिवाळी होऊन तीनच महिने झाले होते. त्याला कुणीही रागावले नाही. अक्कांनी “एनायितु?” (काय झालं?) असे मला विचारले, आणि मी उत्तर देण्यापूर्वीच “अय्यो देवरे” म्हणून पदर तोंडाला लावला. आमच्या सासूबाई उठून देवापाशी गेल्या आणि निरांजनात तेल घालून परत आल्या. अमावास्येविषयी त्या त्यानंतर एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि याबद्दल मी त्यांचा मनोमन फार आदर करते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षालाही ही बातमी त्यांच्या यंत्रांनी दिली नाही. टीव्हीवर आकाशातील तुकडे पाहिलेल्या कुणाकडून तिथे फोन आला, आणि मग उड्डाण संचालक लेरॉय केन यांनी कक्षाची दारे बंद करायला सांगितली, म्हणजे आत कुणी यायचे नाही, बाहेर कुणी जायचे नाही, आणि प्रत्येकाने आपल्याजवळचे आकडे जपून ठेवायचे. तो फोन आपल्या घड्याळानुसार 7 वाजून 42 मिनिटांच्या आसपासचा आहे. जगातली सर्वांत सुसज्ज खोली आणि वडगावच्या गल्लीतली आमची पुढची खोली यांना ही बातमी एकाच मार्गाने, अवघ्या काही मिनिटांच्या अंतराने कळली.

मुलांना घरोघर पोचवून मी परत आले आणि टीव्हीसमोर बसून राहिले. रात्री साडेबारा वाजून गेल्यावर राष्ट्राध्यक्ष बुश पडद्यावर आले आणि कोलंबिया नष्ट झाले आहे, कुणीही वाचलेले नाही, असे त्यांनी सांगितले. तोपर्यंत, खरे सांगायचे तर, मी मनात हिशेब करत होते की पॅराशूट असतील का. एकसष्ट किलोमीटर उंची आणि आवाजाच्या अठरा पट वेग, हे आकडे माहीत असलेली विज्ञानाची शिक्षिका असा हिशेब करत होती. शेजारी त्या रात्री माग चालला नाही.

सोमवारी मी लवकर शाळेत गेले. फळ्यावर ‘उतरेल’ हा शब्द होता. माझ्याआधी आलेल्या दोन मुली डस्टर हातात घेऊन त्यापुढे नुसत्याच उभ्या होत्या. मी स्वतः ते वाक्य पुसले आणि सात नावे लिहिली : रिक हजबंड, विल्यम मॅककूल, मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राउन, कल्पना चावला, लॉरेल क्लार्क, इलान रामोन. कल्पनाचे नाव पाचवे का, असे एकाने विचारले, तेव्हा ही नावे कामाच्या क्रमाने आहेत, मग आडनावाच्या वर्णक्रमाने, असे काहीतरी मी सांगितले. त्याच आठवड्यात पंतप्रधान वाजपेयी यांनी, सप्टेंबर 2002 मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या हवामान उपग्रहाला ‘कल्पना-1’ हे नाव दिले. पुढच्या वर्षी कर्नाटक सरकारने तरुण महिला शास्त्रज्ञांसाठी तिच्या नावाने पुरस्कार सुरू केला. ती आपली की त्यांची, हा वाद स्टाफरूममध्ये पुन्हा निघाला नाही.

ऑगस्टमध्ये चौकशी मंडळाचा अहवाल आला. निवृत्त नौदल अधिकारी हॅरल्ड गेहमन हे त्या मंडळाचे अध्यक्ष होते. त्यातील माहिती वर्तमानपत्रांतून थोडीथोडी येत गेली, आणि मी ती कापून चिकटवत गेले. यानाच्या पोटाशी जी मोठी इंधनटाकी असे, तिच्यात उणे 253 अंश तापमानाचा द्रव हायड्रोजन आणि उणे 183 अंशांचा द्रव ऑक्सिजन भरलेला असे. बाहेरून बर्फ साचू नये म्हणून टाकीवर फेसासारख्या हलक्या पदार्थाचे आवरण चढवलेले असे. उड्डाणानंतर 82व्या सेकंदाच्या सुमारास त्यातला सुमारे पाऊण किलोचा तुकडा निसटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आपटला. तिथल्या कार्बनच्या कवचाला भगदाड पडले, आणि सोळा दिवसांनी परतताना त्यातून तापलेले वायू पंखात शिरले.

“बाई, थर्माकोलने कसं फुटेल?” हा प्रश्न दहावीत गेलेल्या त्या वर्गाने मला विचारला, आणि तो अगदी योग्य होता. अमेरिकेतील बऱ्याच तज्ज्ञांनाही तेच वाटत होते. खरे उत्तर असे की तुकडा यानावर पडला नाही, यान तुकड्यावर जाऊन धडकले. हलका असल्यामुळे तो हवेत क्षणात मंदावला आणि मागून येणाऱ्या पंखाशी त्याची गाठ ताशी साडेआठशे किलोमीटरच्या आसपासच्या सापेक्ष वेगाने पडली. आम्ही फळ्यावर गणित केले. एक द्वितीयांश गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. ताशी 140 किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूची ऊर्जा साधारण 120 ज्यूल येते, आणि त्या फेसाच्या तुकड्याची एकवीस हजारांच्या वर. विश्वचषक नुकताच होऊन गेल्यामुळे ही तुलना मुलांच्या डोक्यात चटकन बसली. 7 जुलैला सॅन अँटोनियो येथे प्रत्यक्ष चाचणी झाली, तेव्हा तसाच तुकडा तोफेतून कार्बनच्या कवचावर मारण्यात आला आणि त्यात चाळीस सेंटिमीटर रुंदीचे भोक पडले. जमलेल्या लोकांना धक्का बसला, असे त्या बातमीत होते.

या सगळ्यात मला झोप लागू न देणारी गोष्ट वेगळीच होती. तो तुकडा आपटल्याचे 17 जानेवारीलाच, म्हणजे उड्डाणाच्या दुसऱ्या दिवशी, चित्रीकरण तपासताना दिसले होते. मी फळ्यावर ‘दिवस 2, सर्व सुरळीत’ असे लिहीत होते त्याच दिवशी. अभियंत्यांनी त्यानंतर पंखाची छायाचित्रे अवकाशातून किंवा जमिनीवरून घ्यावीत अशी तीन वेळा खटपट केली, आणि ती तिन्ही वेळा वरच्या पातळीवर थांबली. फेस आधीच्या उड्डाणांतही निसटला होता आणि काही झाले नव्हते, असा त्यामागचा विचार होता. 23 जानेवारीला यानातील कमांडरला ईमेलने कळवण्यात आले की असा तुकडा लागला आहे, पूर्वीही असे घडले आहे आणि परतीच्या प्रवासाला त्यापासून मुळीच धोका नाही. वेळीच कळले असते तर दुसरे यान, अटलांटिस, घाईने तयार करून त्या सात जणांना आणणे कठीण असले तरी अशक्य नव्हते, असे मंडळाने लिहिले. त्यांच्याजवळ महिनाभर पुरेल अशी हवा होती.

माझे मत असे की ‘आधीही असे झाले होते आणि काही बिघडले नाही’ हे वाक्य विज्ञानाच्या भाषेत निरीक्षण म्हणून चालते, निष्कर्ष म्हणून चालत नाही. 1986 मध्ये चॅलेंजरच्या बाबतीतही हेच वाक्य बोलले गेले होते. तेव्हा रबराची कडी थंडीत ताठरली आणि 73व्या सेकंदाला यान फुटले. त्या यानात एक शिक्षिका होती आणि अमेरिकेतील शाळाशाळांत मुले टीव्हीसमोर बसली होती, हे मी नोकरीला लागायच्या सुमारास वाचले होते. माझ्याही पुढच्या खोलीत एक दिवस मुले तशीच बसतील, असे मला अर्थातच वाटले नव्हते.

तर, दुर्घटना आम्ही थेट पाहिली का? मराठीत ‘प्रक्षेपण’ हा एकच शब्द यान सोडण्यालाही वापरतात आणि टीव्हीवर दाखवण्यालाही. जे घडले ते पहिल्या प्रक्षेपणात, 82व्या सेकंदाला. दुसऱ्या प्रक्षेपणात आम्ही पाहिले ते सोळा दिवस आधीच होऊन गेलेले होते. ज्यांच्याजवळ त्या सेकंदाची चित्रे होती त्यांना ती पाहूनही दिसले नाही, आणि ज्यांना पाहायचे होते त्यांना पाहू दिले गेले नाही. राहिलो आम्ही, चिवडा खात, रिकाम्या धावपट्टीकडे बघत.

यानांची उड्डाणे पुन्हा सुरू झाली ती 26 जुलै 2005 रोजी, डिस्कव्हरीने. या वेळी टाकीवरच कॅमेरा बसवलेला होता, म्हणजे फेस निसटला तर तो तिथल्या तिथे टीव्हीवर दिसणार होता. रेशमाच्या किड्यांवाली मुलगी आता कॉलेजात जात होती आणि वडिलांना मागावर मदतही करत होती. आम्ही दोघींनी ठरवले होते की हातात घड्याळ घेऊन 82 सेकंद मोजायचे. उड्डाण आपल्या वेळेनुसार रात्री आठ वाजून गेल्यावर होते. परंतु त्या दिवशी मुंबईत काय झाले, ते मराठी माणसाला सांगायला नको. दुपारपासून सगळ्या वाहिन्यांवर पाणीच पाणी होते, माझा धाकटा भाऊ कुर्ल्याला नोकरीला होता, आणि त्याचा फोन लागत नव्हता. मी दर दहा मिनिटांनी तोच नंबर फिरवत होते. ती मुलगी आली, माझ्याशेजारी बसली आणि उड्डाणाचे तिने नावही काढले नाही. वृत्तवाहिनीने मधेच काही क्षण डिस्कव्हरीचा धूर दाखवला आणि ती पुन्हा पाण्याकडे वळली. आम्ही काहीही मोजले नाही.

त्या उड्डाणातही दोन मिनिटे झाल्यावर टाकीवरून फेसाचा मोठा तुकडा निसटला होता. कॅमेऱ्याने तो टिपला, जगाने थेट पाहिला, आणि सुदैवाने तो यानाला लागला नाही. मला ते दोन दिवसांनी वर्तमानपत्रातून कळले. भावाचा फोन त्याच्या आदल्या रात्री आला होता. तो कमरेएवढ्या पाण्यातून चालत एका ओळखीच्या घरी पोचला होता, आणि तार बिघडल्यामुळे तेवढा संपर्क तुटला होता.

डिस्कव्हरी 9 ऑगस्टला परत आले. फ्लोरिडात हवा बरी नसल्यामुळे ते कॅलिफोर्नियात उतरवले गेले. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे पावणेसहा होत आले होते. मी स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत होते, टीव्ही लावलेला नव्हता, आणि खरे म्हणजे मी तो मुद्दामच लावला नव्हता. बाहेर पाऊस होता. शेजारचा माग चालू होता. ती मुलगी छत्री न घेताच धावत आली आणि उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “बाई, उतरलं की.”